एकाच पातेल्यातली पेज

८ फेब्रुवारी

चि. खारू हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबाला काल हॉस्पिटलमधून माझ्या घरी आणलं. अर्धांगाचा झटका आला एवढं तुला फोनवर कळलंच आहे, पण तू त्यावर काय बोललीस ते मला काही कळलं नाही. माझ्या कानांना फोन म्हणजे डब्यात अडकलेली माशी. म्हणून पत्र लिहिते, आणि तूही पत्रच लिही. शेजारणीकडून मोबाइलवरचे निरोप वाचून घ्यायचे म्हणजे घरातलं सगळं चव्हाट्यावर.

त्याची उजवी बाजू गेली आहे, वाचाही गेली. डोकं मात्र जागेवर आहे. माणसं ओळखतो, मी औषध विसरले तर कपाळाला आठी घालतो. आयुष्यभर बसडेपोत इंजिनं उघडून जोडली, आणि आता स्वतःला कूस बदलता येत नाही. घट्ट काही गिळलं की ठसका लागतो म्हणून डॉक्टरांनी पातळ पेज द्यायला सांगितली आहे. मी तांदळाच्या पिठाची करते, थोडं मीठ आणि थोडं लोणी घालून. चार चमचे झाले की तोंड फिरवतो. तुझं नाव काढलं की पाचवा खातो. तेव्हा तू ये.

तुझ्या त्या आजाराची मला आठवण आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या मुलाच्या लग्नात तू सगळ्यांच्या देखत पर्समधून डबा काढलास, आणि त्याच्या सासरची माणसं मला विचारत होती की तुमच्या भाचीला आमचं अन्न विषारी वाटतं का. या वेळी तुझ्यासाठी नवं पातेलं, नवा चमचा, नवी चाळणी आणून ठेवली आहे. उभं आयुष्य मुलींच्या वसतिगृहाचा स्वयंपाक माझ्या नजरेखाली झाला. कुणाला अंडं चालायचं नाही, कुणाला शेंगदाणा. एकही पोर माझ्या हातून आजारी पडली नाही. बाबा खातो तीच पेज तू त्याच्याजवळ बसून खा. गहू तुझ्या वाडग्याजवळ फिरकणार नाही, हा माझा शब्द.

आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबाच्या चार चमच्यांचं वाचून रडू आलं, आणि पाचव्याचं वाचून जास्तच.

मी कायमची येऊन राहू शकत नाही, त्याचं कारण रागावू नकोस तर सांगते. सहा हॉस्पिटलांच्या एक्स-रे मशीनची दुरुस्ती माझ्याकडे आहे. एक बंद पडलं की तिथली मोडकी हाडं बाकावर बसून राहतात. पण एक आड एक शनिवार-रविवार नक्की येईन.

आता खाण्याचं. माझ्या आजाराला लोक पथ्य समजतात. पाव खायचा नाही, एवढंच ना, म्हणतात. एवढंच नाही. गव्हाचा दिसणार नाही इतका कण पोटात गेला तरी माझं शरीर स्वतःचंच आतडं कुरतडायला लागतं. मी महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर असते, आणि बाहेर खाणं म्हणजे दर वेळी एका अनोळखी माणसाच्या शब्दावर जीव ठेवणं. मागच्या आठवड्यात एका कॅन्टीनवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मॅडम, सूपमध्ये पीठबीठ काही नाही." मी विचारलं, मग इतकं दाट कसं? तर म्हणाला, "ते दाट व्हायला चमचाभर टाकतो, तेवढंच." दुसरीकडे बटाटे तळून दिले, त्याच तेलात ज्यात आधी पीठ लावलेले कटलेट तळले होते. म्हणून माझ्या बॅगेत पान्यांच्या शेजारी एक छोटा विजेचा कुकर असतो. लॉजचे मॅनेजर त्याच्याकडे बाँबसारखं बघतात, आणि आमचे साहेब मला महाराणी म्हणतात.

हा आजार एकट्या बाबाला पहिल्या दिवशी कळला. बाकीचे मला धीर देत होते तेव्हा त्याने फक्त विचारलं, "किती पुरतं?" मी म्हटलं, डोळ्याला दिसणार नाही एवढं. तो म्हणाला, "म्हणजे बेअरिंगमधली वाळू." आणि उठून पिठाचा डबा शेजाऱ्यांना देऊन आला.

तेव्हा आत्या, मी माझा डबा घेऊन येते. तुझ्यावर अविश्वास नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं समज.

तुझी खारू


२२ फेब्रुवारी

चि. खारूस आशीर्वाद.

समजलं. कॅन्टीनवाला आणि आत्या एकाच माळेचे मणी.

मी तुझ्याकडून एवढं मोठं व्याख्यान मागितलं नव्हतं. तुझी आई गेल्यावर तू माझ्या हातचं खाऊन वाढलीस. गालात घास साठवून घरभर फिरायचीस, म्हणून खारू नाव मीच ठेवलं. तेव्हा तुला काही झालं नाही. आता नोकरी लागली, शिक्षण झालं, आणि खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी असा थाट आला.

तू येणार त्या दिवशी बाबाला टेकून बसवीन. त्याला तुझ्याबरोबर जेवायचं आहे, हे तो बोलत नसला तरी मला कळतं. आजारी बापाशेजारी बसून पोरीने वेगळा डबा उघडायचा, हे मला बघवणार नाही. डबा आणायचाच असेल तर दाराबाहेर चपलांजवळ ठेव.

आत्या


११ मार्च

ती. आत्यास सा. न.

डबा चपलांजवळसुद्धा आणला नव्हता, हे तू पाहिलंसच. दोन्ही दिवस बाबाच्या पातेल्यातली पेज खाल्ली. त्याने वाडगा संपवला. तू दारात उभी राहून पदराने डोळे पुसलेस तेही मी बघितलं. खूप दिवसांनी मला कुठेतरी माणसासारखं जेवल्यासारखं वाटलं.

परतीच्या बसमध्येच पोटात पिळा पडला. ड्रायव्हरला दोनदा गाडी थांबवावी लागली. सगळा आठवडा अंथरुणात गेला. कोपरांवर पुरळ उठलं आहे, ते लिहिताना टेबलाला घासतं. एका हॉस्पिटलमध्ये मशीन जोडून द्यायचं होतं ते राहिलं, आणि साहेबांनी ऐकवलं की पोट सांभाळता येत नसेल तर बसून करायची नोकरी बघा.

मी तुला दोष देत नाही. पण कुठून तरी गहू आला आहे. जरा आठवून सांग. लोणी नव्या डब्यातलं होतं, की पावाला लावायची सुरी त्यातच जाते? ढवळायचा चमचा आधी कशात होता? आणि पीठ कुठलं, विकतचं की दळून आणलेलं? दळून आणलं असेल तर त्याआधी तिथे काय दळलं होतं?

बाबाला सांग, मी बरी आहे.

तुझी खारू


१९ मार्च

चि. खारूस आशीर्वाद.

चौकशी वाचली. पोलिसांनी पाठवली असती तरी यापेक्षा कमी प्रश्न असते.

लोणी नवं, तुझ्यासाठीच फोडलेलं. चमचा नवा. चाळणी नवी. पीठ विकतचं नाही. वसतिगृहातून निवृत्त होताना मला एक छोटी विजेची गिरणी भेट मिळाली होती, ती तू बघितली आहेस. तांदूळ धुऊन, वाळवून मी घरीच दळते. त्यावर एरवी घरचं तिखट, डाळी, सगळंच दळते, ते लपवत नाही. पण तुझे तांदूळ घालण्याआधी गिरणी आतून स्वच्छ करते. माझ्या आईने शिकवलं तशी, अगदी वासही उरू देत नाही. तेव्हा त्या बाजूने मला शिकवायला येऊ नकोस.

माझं मत विचारशील तर तू जेवताना घाबरून जेवतेस, आणि भीतीच पोटात जाऊन दुखते. वसतिगृहात परीक्षेच्या दिवशी निम्म्या मुलींना उलट्या व्हायच्या. पेपर संपला की सगळ्या ठणठणीत.

बाबाची खाट आता स्वयंपाकघराच्या दारासमोर हलवली आहे. तो मला हाक मारू शकत नाही, आणि मारली तरी मला ऐकू येणार नाही. त्यापेक्षा मी काम करताना तो माझ्या डोळ्यांसमोर राहिलेला बरा.

आत्या


७ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

गिरणी आधी स्वच्छ करतेस हे वाचून बरं वाटलं, तो एक प्रश्न मिटला. तरीही या वेळी डबा आणला, आणि तू माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाहीस. ठीक आहे. पण मी आजारी पडले नाही, हेही लिहून ठेवते. भीती तर दोन्ही वेळा सारखीच होती.

मी डबा उघडला तेव्हा बाबाने डाव्या हाताने त्याच्या झाकणावर थोपटलं. तू पाठमोरी होतीस. मला वाटलं, तो खूश आहे.

तुझी खारू


१४ एप्रिल

चि. खारूस आशीर्वाद.

खूश होता म्हणतेस. तू गेल्यावर काय झालं ते ऐक. तू होतीस तोवर त्याने दोन चमचे घेतले, नंतर दात घट्ट मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. झाकणावर थोपटलं म्हणे. अगं, तो डबा बंद कर म्हणत असेल.

मी हात जोडायची बाई नाही, पण आज जोडते. तुझ्या पोटाला दुखलं तर आठ दिवसांनी बरं होईल. त्याच्याकडे किती दिवस आहेत, कुणाला माहीत? एक वाडगा खा. बापासाठी एक वाडगा. मग मी मरेपर्यंत तुझ्या डब्याबद्दल अवाक्षर काढणार नाही.

आत्या


२० एप्रिल

ती. आत्यास सा. न.

येते. डबा आणत नाही.

खारू


४ मे

चि. खारूस आशीर्वाद.

तू न बोलता निघून गेलीस, पोचल्याचं पत्रही नाही. जे झालं त्याचा विचार माझ्या मनातून जात नाही, म्हणून मीच लिहिते.

मी तुम्हा दोघांना एकाच पातेल्यातून वाढलं. तू त्याच्याजवळ बसलीस, चमचा तोंडाकडे नेलास, आणि त्याने डाव्या हाताने तुझा वाडगा उडवला. पेज भिंतीवर, तुझ्या कपड्यांवर. एवढी ताकद त्याच्यात आली कुठून? मी फडकं आणायला गेले. परत आले तर तू दुसरा वाडगा भरून घेतला होतास आणि त्याच्याकडे रोखून बघत चमच्यामागून चमचा संपवत होतीस. मनात म्हटलं, शाबास. पण तो ढसाढसा रडायला लागला, आणि तू उठून बॅग भरलीस.

आता एक सांगू की नको असं झालं आहे, पण ताकाला जाऊन भांडं लपवणं माझ्या स्वभावात नाही. तू येणार म्हणून मी आदल्या दिवशी दळायला घेतलं, तेव्हापासून तो एक खूण करतो. डावा हात पुढे, तळवा वर, बोटं जवळ घेतलेली. मग हात पालथा करतो, काहीतरी ओतल्यासारखा. मग तुझ्या नव्या पातेल्याकडे बोट, आणि मान नाही-नाही. पुन्हा तेच. मी विचारलं, पाणी हवं? नाही. भांडं हवं? नाही. चिडून खाटेवर हात आपटतो.

मग मला उमगलं. तो म्हणतो, या पोरीवर मी पाणी सोडलं. तिच्यासाठी दळू नकोस, रांधू नकोस, तिचं पातेलं या घरात नको. मी त्याचा हात धरून खाली ठेवला. म्हटलं, असं अभद्र मनात आणू नये, पोटची पोर आहे. पण तू गेल्यापासून मी गिरणीपाशी उभी राहिले की त्याचं सुरू होतं.

कान गेले असले तरी माणसं मला अजून वाचता येतात. तू त्याला पुष्कळ दुखावलं आहेस, खारू. त्या डब्याने दुखावलं आहेस.

आत्या


१२ मे

आत्या,

हे पत्र हॉस्पिटलमधून लिहिते आहे. ज्यांचं एक्स-रे मशीन मी दुरुस्त करते, त्यांच्याच कॉटवर आहे. सलाईन काल काढलं. वजन इतकं उतरलं आहे की वजनकाट्याजवळच्या बाईने दोनदा तोलून बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षं जपून आतड्याचं अस्तर सुधारत आणलं होतं ते पुन्हा उडालं. साहेबांनी माझी हॉस्पिटलं दुसऱ्याला देऊन टाकली. बरं झालं म्हणायचं, महाराणीला बसून करायची नोकरी मिळाली.

वाडगा उडवला तेव्हाच मला जे कळायचं ते कळलं होतं. म्हणून तर दुसरा खाल्ला. त्याला दाखवायला, की बघ, खाते आहे, आणखी काय हवं? पाणी सोडलं हे शब्द तू लिहिलेस ते बरं केलंस, माझ्या मनात ते आधीच होते.

जगात एका माणसाचा माझ्यावर विश्वास होता. बेअरिंगमधली वाळू म्हणणारा तो एकच. तोही शेवटी सगळ्यांसारखाच निघाला, त्याला मुलगी नको होती, पेज खाणारी पोर हवी होती. त्याला सांग, त्याने सोडलं तसं मीही सोडलं. मी येणार नाही. तुमच्या घरी जेवून मरण्याइतकी मी चांगली मुलगी नाही.

खारू


२६ मे

चि. खारू,

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. माझा आवाज मला कळत नाही, त्यामुळे मोठ्यानेच वाचलं असणार. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मला वाटलं, पोर हॉस्पिटलात आहे हे ऐकून तरी त्याचं मन पाघळेल. त्याने हात वर केला, तीच खूण अर्धी केली, आणि सोडून दिली. मग तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर त्याने पेजेला तोंड लावलं नाही. नळी घातली ती ओढून काढली. काल सकाळी मी कपडे वाळत घालून आत आले तर गेलेला होता.

माझ्या मुलाने तुला फोन केला आहेच. हे पत्र तुझ्याकडे पोचण्याआधी तू इथे येशील, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आत्या


१५ जून

आत्या,

अंत्यविधीला आले तेव्हा आपण बोललो नाही. तू पाण्याचा पेला पुढे केलास आणि मी माझी बाटली उघडली. तुझ्या सुनेने तिच्या बहिणीला कोपर मारलं ते मला दिसलं. तुलाही दिसलं.

मला भांडायचं नाही. भांडून आता कुणाला काय मिळणार? पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. डबा खाल्ला की मी बरी, तुझी पेज खाल्ली की मी आजारी. भीतीचं म्हणशील तर मी शेवटचा वाडगा रागाने खाल्ला, भीतीने नाही. मशीन एकदा बिघडलं तर मी नशिबाला बोल लावते. तेच मशीन पुन्हा बिघडलं की पहिल्या स्क्रूपासून सगळं उघडते.

म्हणून एवढंच कर. ती पेज तू कशी करायचीस ते मला पहिल्यापासून लिही. तांदळाच्या पिशवीपासून वाडग्यापर्यंत, मधलं काही क्षुल्लक वाटलं तरी न गाळता. तुझी बाजू खरी असेल तर यातून तीच सिद्ध होईल.

खारू


२२ जून

चि. खारू,

लिहिते. निदान माझ्या नावावरचा डाग जाईल.

तांदूळ नव्या पिशवीतले. निवडले, तीन पाण्यांनी धुतले, स्वच्छ चादरीवर सावलीत वाळवले. त्या खोलीत मी पाव कापत नव्हते, तेवढं मला कळतं. मग गिरणी. आधी ब्रशने झाडली. पण ब्रशने दगडातलं तिखट जात नाही, डाळीचा वास जात नाही. त्याला आईची रीत आहे. गिरणीशेजारच्या फळीवर गव्हाचा डबा असतो, त्यातले पसाभर गहू घालायचे आणि फिरवायचे. गहू सगळा वास, सगळा कचरा ओढून घेतो. ते पीठ मी टाकून देते, पाखरांना. मग कोरड्या फडक्याने दगड पुसायचे, आणि मगच तुझे तांदूळ. वसतिगृहातही आम्ही असंच करायचो.

आता तुझ्या मनात लगेच येईल म्हणून सांगते, तो गहू खाण्याचा नव्हे, साफ करण्याचा. राखेने भांडी घासतो म्हणून कुणी राख खातं का? तुझ्या पिठात गव्हाचा दाणा पडला नाही.

पुढे नवी चाळणी, नवं पातेलं, उकळतं पाणी, मीठ, लोणी. ढवळायला नवा चमचा. संपलं. सांग, यात कुठे चुकले मी?

आत्या


३० जून

आत्या,

तुझं पत्र ऑफिसात टेबलाशी बसून वाचलं. वाचून झाल्यावर मी माझा डावा हात पुढे केला. तळवा वर, बोटं जवळ. मग पालथा केला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, काय मोजता आहात?

पसाभर गहू गिरणीच्या तोंडात असेच टाकतात ना?

राख पाण्याने धुऊन जाते. दगडाच्या खाचांतलं पीठ फडक्याने जात नाही. त्याच्यावर तू माझे तांदूळ दळलेस, दर वेळी, मन लावून, वासही उरू न देता. तू गिरणी झाडून सोडून दिली असतीस, अंग राखून काम केलं असतंस, तर मिरचीने माझी जीभ पोळली असती आणि मी वाचले असते. मी सहा हॉस्पिटलांची मशीन उघडणारी बाई. गिरणी स्वच्छ करतेस एवढं वाचून गप्प बसले, कशाने ते विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पण मला गव्हाबद्दल लिहायचं नाही. खाट तू दारासमोर हलवलीस त्यानंतर त्याने खूण सुरू केली. तू दळायला उभी राहिलीस की करायचा. हात पालथा, मग माझ्या पातेल्याकडे बोट, मग नाही-नाही. आत्या, त्याने माझ्यावर पाणी सोडलं नव्हतं. तो तुला सांगत होता. तू त्याचा हात धरून खाली ठेवलास. मग मी आले, तेव्हा त्याच्याकडे एकच उपाय उरला होता, वाडगा उडवणं. तो त्याने केला. आणि मी दुसरा भरून घेतला, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून संपवला. तो रडला ते तुला आठवतं. मला काय आठवत असेल ते तू समजून घे.

त्यावर माझं पत्र. ते तू त्याला शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलंस.

तुला माफ केलं असं लिहिलं होतं, ते वाक्य खोडलं. खरं होतं की नाही कळेना. स्वतःबद्दलही तेच.

मी चुकत असेन अशी अजून एक जागा आहे. त्याची खाट तिथेच असेल तर तिच्यावर, त्याच्या उशीपाशी जाऊन बस, आणि स्वयंपाकघराकडे बघ. गिरणी दिसते का? कदाचित दार आड येत असेल. कदाचित कपाट. दिसत नसेल तर तो खरंच माझ्यावर पाणी सोडून गेला. दिसत असेल तर आपण दोघींनी मिळून त्याचं ऐकलं नाही. यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. जे असेल ते लिही.

खारू


६ जुलै

खारू,

बसून बघितलं. गिरणी दिसते. फळीवरचा गव्हाचा डबाही दिसतो.

आत्या